न ऐकलेला आकडा

नर्सिंग शाळेच्या पहिल्या दिवशी कागदपत्रांच्या रांगेत मागून कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावला. वळून पाहिलं तर जाड चष्म्याची, अठरा वर्षांची एक मुलगी.

"काकू, तुमची मुलगी कुठल्या गटात आहे?"

"मुलगी सातवीत आहे," ती म्हणाली. "इथे मीच आलेय."

चष्मेवालीनं जीभ चावली. पुढेमागे खसखस पिकली. त्या दिवसापासून चाळीस जणींच्या वर्गात ती काकू झाली. आधी तिला राग आला, मग सवय झाली. पुढे पुढे तर शिकवणाऱ्या मॅडमसुद्धा हजेरी घेताना एखाद्या वेळी चुकून काकूच म्हणून जायच्या.

काकू चौतीस वर्षांची. त्याच शाळेला जोडलेल्या हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखात्यात, तिनं अकरा वर्षं काढली होती. वरच्या सहा मजल्यांवरच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे ढिगानं खाली यायचे आणि खोलीएवढ्या मशीनांत घुसळले जायचे. चादर उलगडली की ती कुठल्या वॉर्डातून आली ते तिला कळे. पिवळट तपकिरी डाग म्हणजे सर्जिकल, आंबूस दुधाचा वास म्हणजे बाळंतिणींचा वॉर्ड. पण अकरा वर्षांत पेशंट म्हणून एक माणूस तिनं पाहिला नव्हता. चादरीच पाहिल्या.

एकदा सामानाची लिफ्ट बंद पडली आणि घड्या घातलेल्या चादरींची गाडी तिला स्वतःच तिसऱ्या मजल्यापर्यंत ओढावी लागली. तिथे एक सिस्टर एकटीच, हलताही न येणाऱ्या एका जाडजूड माणसाखालची चादर बदलत होती. माणसाला कुशीवर वळवायचं, जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, तिच्याच मागे नवी अंथरायची, मग दुसऱ्या कुशीवर. काकू बघतच राहिली.

"बघत काय उभी राहिलीस? धर ते टोक," सिस्टर म्हणाली.

तिनं टोक धरलं. पेशंट दुसऱ्या कुशीवर आला तेव्हा त्यानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता बरं वाटलं." एवढंच. पण त्या दिवशी खाली परतल्यावर इस्त्रीच्या रोलरपुढे उभं राहून तिचं कामात लक्ष लागेना. आठवड्याभरात तिनं चौकशी केली. प्रवेशासाठी वयाची अट पस्तीस वर्षं. म्हणजे हाती एकच परीक्षा होती.

घरात सांगितलं तेव्हा नवऱ्यानं आधी हात धुतले. तो बसडेपोत मेकॅनिक. कुठलीही मोठी गोष्ट ऐकली की साबण घेऊन हात धुवायला जायची त्याची सवय. परत येऊन म्हणाला, "दे परीक्षा."

सासूबाईंना एवढा वेळ लागला नाही. "या वयात दप्तर? आणि घर कोण बघणार? मी?" असं विचारून त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराचा ताबा मात्र त्यांनीच घेतला. घेतला तो घेतला, वर रोज सकाळी सगळ्यांना ऐकू जाईल असं भांड्यांशी बोलत राहिल्या, "आराम करायचं वय माझं. पण आमच्या नशिबी सून शाळेत आणि सासू चुलीपाशी."

सतरा वर्षांनी पुस्तक हातात धरणं म्हणजे खायचं काम नव्हतं. विज्ञानाला तिनं मुलीच्या सातवीच्या पुस्तकापासून सुरुवात केली. मुलगी जेवताना हाडांची नावं विचारायची आणि चुकलं की बाईंसारखी भुवई उंचवायची. गुणोत्तर तर पार डोक्यावरून जायचं. शेवटी नवऱ्यानं इंजिनातल्या पाण्यात किती भाग औषध मिसळायचं ते उदाहरण घेऊन समजावलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. कामावर तिनं रोलरशेजारच्या भिंतीला रोज एक कागद चिकटवला. वाफेनं तो दुपारपर्यंत ओघळून खाली यायचा, तोवर पाठ व्हायचा.

निकाल लागला तेव्हा तिचं नाव प्रतीक्षायादीत चौथं होतं. पंधरा दिवस घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला. मग फोन आला.

पहिले सहा आठवडे वॉर्ड नव्हता. सकाळी वर्ग, दुपारी सरावखोली. सरावखोलीत दहा पलंग, त्यांवर रबरी बाहुले. चादर बदलायची वेळ आली तेव्हा काकूनं ती अशी ताणून बसवली की मॅडमनी सगळ्या वर्गाला बघायला बोलावलं. उंच, सडपातळ, हळू बोलणाऱ्या त्या बाई कुणाची फारशी स्तुती करत नसत. काकूच्या पावलांना त्या दिवशी पंख फुटले होते.

पाचव्या आठवड्यात बीपी आलं, आणि तिथे गाडी अडली.

मॅडमनी एकदा सावकाश करून दाखवलं. दंडाला पट्टा गुंडाळायचा, फुगा दाबून हवा भरायची, कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप टेकवायचा आणि हवा हळूहळू सोडत काट्यावर नजर ठेवायची. पहिला ठोका ऐकू येईल तो वरचा आकडा, ठोके बंद होतील तो खालचा. चाळीस मुली आणि सहा यंत्रं. मॅडम प्रत्येक गटापाशी येऊन विचारत, "ठोका ऐकू येतोय?"

"हो मॅडम," मुली म्हणत.

काकूच्या कानात काहीच येत नव्हतं. कुठेतरी खोल पाण्याखाली असावी तशी नुसती भणभण. मॅडम तिच्यापाशी आल्या. "ऐकू येतोय?"

तिनं मान डोलावली.

का डोलावली, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. मागे पाच मुली ताटकळत होत्या, सगळ्या तिच्याहून सोळा वर्षांनी लहान, सगळ्यांना ऐकू येत होतं. एकट्या काकूलाच कसं येत नाही, असं कुणी म्हणायला नको. उद्या जमेल, असं तिनं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही जमलं नाही. आणि आता विचारणं आणखी अवघड झालं होतं, कारण काल हो म्हणून बसली होती.

मग तिला एक युक्ती सापडली. हवा सोडताना काटा सरळ खाली येत नाही, एका जागी थरथरायला लागतो आणि थोडं खाली येऊन थांबतो. ती थरथर पाहून ती आकडे सांगू लागली. तरण्या मुलींच्या हातांवर ते जवळपास बरोबर यायचे. सरावखोलीतल्या चाचणीत मॅडमनी तिला पास केलं. घरी सांगताना तिनं नजर चुकवली. वेळ मारून नेली होती.

सातव्या आठवड्याच्या सोमवारी त्यांना सर्जिकल वॉर्डात नेलं. नवे पांढरे बूट, छातीला उलटं लावलेलं सेकंदकाट्याचं घड्याळ. दारातच मॅडमनी नियमांचा कागद परत एकदा वाचून दाखवला. खोटी नोंद केल्यास नाव कमी करण्यात येईल, हे सातवं कलम होतं. 

वॉर्डाची सिस्टर पन्नाशीची, ठेंगणी, आवाज मात्र जिन्यापर्यंत पोचणारा. प्रत्येक मुलीला तिनं दोन पेशंट वाटून दिले. "साडेनऊपर्यंत मला सगळ्यांचे आकडे पाहिजेत. दहाला गोळ्या, अकराला डॉक्टर. कुणी घोळ घातलेला मला चालत नाही."

काकूला आठ आणि नऊ नंबर मिळाले. आठ नंबरचा तरुण होता, पाय प्लॅस्टरमध्ये. काटा छान थरथरला, तिनं लिहून घेतलं. नऊ नंबरला एक आजोबा होते. दुकानांचे बोर्ड रंगवायचं काम करायचे, नखांच्या कडांना अजून निळा रंग होता. हर्नियाचं ऑपरेशन होऊन एक दिवस झालेला.

"तुमचा हात किती गरम आहे हो बाई," ते डोळे मिटूनच म्हणाले.

तिनं पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. कानात भणभण. काटा सरसर खाली उतरला, कुठे थांबला नाही, थरथरला नाही. तिनं परत हवा भरली. परत तेच. आजोबांनी हात जरासा आखडला. 

"नऊ नंबर! किती?" टेबलापासून सिस्टरचा आवाज.

पलंगाच्या पायथ्याशी तक्ता लटकत होता. संध्याकाळची नोंद एकशे सव्वीस, ब्याऐंशी. काकूच्या तोंडून निघून गेलं, "एकशे चोवीस, ऐंशी." आणि हातानं तेच लिहिलं. स्वच्छ, सुवाच्य अक्षरात, खाली स्वतःच्या सहीसकट.

वीस मिनिटांनी पहिल्या तुकडीला चहाची सुट्टी मिळाली. जिन्याखालच्या बाकावर मुली कलकलाट करत होत्या. काकूच्या हातातला पेला भरलेलाच होता. आजोबांचा हात आठवत होता. माझा हात गरम नव्हता, तिला वाटलं, त्यांचा थंड होता.

शेजारी चष्मेवाली दुसऱ्या एकीला सांगत होती, "माझ्या पेशंटची बीपीची गोळी सिस्टरनी आज थांबवली. मी मोजलं ना, शंभर निघालं. म्हणाल्या, एवढ्या कमी बीपीवर गोळी दिली तर माणूस तिथल्या तिथे आडवा होईल." तिच्या आवाजात थोडी फुशारकी होती. "म्हणजे बघ, आपल्याच आकड्यावर ठरतं सगळं."

 नऊ नंबरच्या तक्त्यावर औषधांच्या रकान्यात बीपीची गोळी होती. वेळ दहा. तिनं छातीवरचं घड्याळ वर करून पाहिलं. दहाला चार मिनिटं कमी होती.

ती उठली. तीन मजले जिना होता. पहिल्या वळणावर मनानं सांगितलं की आकडा कदाचित बरोबरही असेल, संध्याकाळी एवढाच तर होता. दुसऱ्या वळणावर सातवं कलम आठवलं, भिंतीवरून ओघळणारे कागद आठवले, घरी सासूबाई काय म्हणतील ते आठवलं. तिसऱ्यावर ती पळत होती.

औषधांची गाडी आठ आणि नऊच्या मध्ये उभी होती. आजोबा उशीला टेकून अर्धवट बसलेले, तळहातावर पांढरी गोळी, सिस्टर पाण्याचा ग्लास पुढे करत होती.

"सिस्टर, थांबा!"

"आवाज कमी. काय झालं?"

"त्यांना गोळी देऊ नका. नऊ नंबरचं बीपी…" तिनं गाडीचा दांडा धरला. "मला काही ऐकू आलं नव्हतं. मी आकडा मनानंच लिहिला."

वॉर्डातले सगळे ऐकत होते. आठ नंबरच्या तरुणानं हातातला मोबाइल खाली ठेवला. सिस्टरनं काकूकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. आजोबांच्या हातावरची गोळी उचलून ट्रेमध्ये टाकली, पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या. एकदा मोजलं. लगेच दुसऱ्यांदा मोजलं. मग हळूच त्यांच्या पोटावर हात ठेवला, आणि आजोबा कण्हले.

"शहाऐंशी, पन्नास," सिस्टर म्हणाली. आता तिचा आवाज अगदी खालच्या पट्टीत होता, आणि त्याचीच काकूला जास्त भीती वाटली. "डॉक्टरांना फोन लाव कुणीतरी. पळा. पलंग खाली घ्या, पाय वर. आजोबा, डोळे उघडा, माझ्याकडे बघा."

पुढची दहा मिनिटं काकू भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टर आले, दुसरी सलाइन लागली, पलंगाच्या चाकांचे ब्रेक सुटले. टाक्यांच्या आत कुठेतरी रक्त वाहत होतं, असं कुणीतरी म्हणालं. आजोबांना परत ऑपरेशनला नेलं. नऊ नंबरची जागा मोकळी झाली. फरशीवर उशी पडली होती, अभ्रा घामानं ओला.

मॅडम तिला वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये घेऊन गेल्या. आवाज नेहमीसारखाच हळू.

"सरावखोलीतही असंच केलंस?"

"हो."

"किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून."

मॅडम म्हणाल्या, "आज तू परत वर आलीस म्हणून ते वाचले, असं तुला कुणीतरी सांगेल. ते मनावर घेऊ नकोस. साडेनऊला खरं बोलली असतीस तर अर्धा तास आधी कळलं असतं."

"हो मॅडम."

"घरी जा. शुक्रवारी अकरा वाजता प्राचार्यांसमोर यायचं. सोबत पालक हवेत."

"पालक?"

"नियम आहे. विद्यार्थिनी आहेस ना तू?"

घरी तिनं काहीच लपवलं नाही. मुलगी दारात दप्तर घेऊन उभी राहिली ती तशीच. नवरा हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, "शुक्रवारी मी रजा टाकतो. मी येतो तुझ्याबरोबर."

"तू नको," सासूबाई आतून बाहेर आल्या. "तुला माणसांशी बोलता येत नाही, तू इंजिनाशी बोल. मी जाते."

काकूला वाटलं, आता आपली उरलीसुरली आशाही गेली.

चार दिवस ती घरातच होती. आजोबांचं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या दिवशी चष्मेवालीनं फोन केला. आजोबा शुद्धीवर आलेत, पेज पितात, आणि वॉर्डाच्या दारावरच्या पाटीतली अक्षरं वाकडी आहेत म्हणून कुरकुरतात. काकू फोन ठेवून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून मनसोक्त रडली.

शुक्रवारी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून तयार झाल्या.  प्राचार्यांच्या खोलीत लांब टेबलापलीकडे तिघी होत्या. मधे प्राचार्या, एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला वॉर्डाची सिस्टर.

प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पालक कोण?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "हिची सासू."

प्राचार्या क्षणभर घुटमळल्या. मग कागद वाचायला लागल्या. काय घडलं, किती वाजता घडलं, कुठलं कलम. वाचून झाल्यावर काकूला विचारलं, "हे सगळं खरं आहे?"

"खरं आहे."

"काही सांगायचंय?"

"नाही. चूक माझीच आहे."

"मला सांगायचंय," सासूबाई म्हणाल्या. "मी काही हिला माफ करा म्हणायला आलेले नाही. माझ्या घरच्या माणसाला कुणी असा मनानं आकडा लिहिला असता तर मीच तिला हाकलून द्या म्हटलं असतं. पण मला एक सांगा, चाळीस पोरींना ऐकू येतं आणि हिलाच येत नाही, हे कसं? आमच्या घरी ही टीव्ही लावते तेव्हा शेजारच्यांना बातम्या फुकट कळतात. मी हाक मारली की तिसऱ्या हाकेला ओ देते. मला वाटायचं, मुद्दाम करते. सून आहे, करणारच. पण हे ऐकल्यापासून चार दिवस विचार करतेय. हिचे कान तपासलेत कुणी?"

 सिस्टरनं पहिल्यांदा काकूकडे नीट पाहिलं.

"तुला ऐकायला कमी येतं का?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही मॅडम," काकू म्हणाली, आणि ते खरंच होतं. "धुलाईखात्यात सगळ्या ओरडूनच बोलतात."

दुपारीच तिला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी उजव्या कानात दिवा धरून पाहिलं, डाव्या कानात पाहिलं, आणि विचारलं, "तुम्ही कानात काय घालून ठेवलंय?"

खाली मशीनांच्या आवाजावर उपाय म्हणून सगळ्याच बायका कानात कापूस कोंबत. संध्याकाळी काढत. पण काढताना थोडा आत राहायचा, दुसऱ्या दिवशीचा त्याच्यावर बसायचा, आणि मळाबरोबर दोन्ही कानांत अकरा वर्षांचं बूच तयार झालं होतं. औषध घालून, दोन दिवसांनी पिचकारी मारून डॉक्टरांनी ते काढलं. ट्रेमध्ये पडलेले काळपट गोळे पाहून काकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आली तर पॅसेजमधली बुटांची टकटक तिला डोक्यावर कुणी हातोडी मारतंय अशी वाटली. घरी स्वयंपाकघरात चमचा पडला आणि ती दचकून उभी राहिली. तपासणीत डावा कान थोडा कायमचा मंद झाल्याचं निघालं, उजवा मात्र ठीक होता. कामाला अडचण नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

तो कागद तिनं मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी वाचला, घडी घालून फायलीत ठेवला.

"कानांचं कळलं," त्या म्हणाल्या. "पण मान कानांनी डोलावली नव्हती."

निर्णय असा झाला. नाव कमी होणार नाही, पण नोंदवहीत तिच्या नावापुढे लाल शेरा राहील, शेवटच्या वर्षापर्यंत. तीन आठवडे वॉर्डबंदी. त्या काळात मॅडमबरोबर पन्नास माणसांचं बीपी मोजायचं, आणि मग प्राचार्यांसमोर परीक्षा. त्यात एक आकडा जरी चुकला तरी घरी. सासूबाईंनी पालक म्हणून सही केली. सही करताना म्हणाल्या, "मुलाच्या प्रगतिपुस्तकावर केली होती शेवटची. त्याचेही आकडे असेच असायचे."

मॅडमकडे दोन माणसांना एकाच वेळी ऐकता येईल असा, दोन जोड्या नळ्यांचा स्टेथोस्कोप होता. वर्ग संपले की दोघी तो घेऊन हॉस्पिटलभर फिरत. दारावरचे पहारेकरी, सफाईवाल्या, कचेरीतले कारकून, जो हात देईल तो. पहिल्यांदा ठोका ऐकू आला तो एका माळ्याच्या हातावर. टक, टक, टक. काकू इतकी भांबावली की काट्याकडे बघायलाच विसरली.

"किती?" मॅडम.

"बघितलं नाही. ऐकतच बसले."

मॅडमच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. "परत घे."

रोज तीन-चार माणसं. मॅडमच्या आकड्याहून चारनं जास्त, सहानं कमी, पुन्हा सहानं कमी. हवा घाईनं सोडायची तिची खोड. एकदा सलग तीन चुकले तेव्हा मॅडमनी स्टेथोस्कोप गुंडाळून ठेवला आणि निघून गेल्या. त्या रात्री काकूला झोप लागली नाही.

दुसऱ्या आठवड्यात माणसं कमी पडली, म्हणून त्या तळघरात उतरल्या. जुन्या मैत्रिणींनी गराडा घातला. "बघा, आमच्यातून पळाली आणि आता आमचेच हात आवळायला आली!" एक म्हणाली. दुसरीनं बाही वर केली, "घे गं, पण खरा लिही." बातमी खाली पोचली होती तर.  पण तिनं पट्टा बांधला, मशीन थोडा वेळ बंद करायला लावलं आणि मोजलं. त्या दिवशी नऊच्या नऊ जुळले. निघताना मॅडमनी सगळ्या बायकांना रांगेत उभं करून एकेकीचे कान पाहिले आणि सहा जणींना डॉक्टरांकडे पाठवलं.

परीक्षेच्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत पाच माणसं बसवली होती. सिस्टरही होती, हाताची घडी घालून. प्रत्येकाचं बीपी आधी सिस्टरनं मोजून कागदावर लिहून पाकिटात ठेवलं होतं. काकूनं पहिले तीन घेतले. कुणाच्या चेहऱ्यावर काही दिसेना, बरोबर की चूक.

चौथा फाटकावरचा पहारेकरी. दंड खांबासारखा. पट्टा कसाबसा भोवती आला. तिनं हवा भरली, सोडली. ऐकू आलं ते अगदी पुसट, कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं ते सांगता येईना. काटा तेवढा थरथरला, एकशे पन्नासच्या आसपास. जुनी युक्ती समोरच होती. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या स्वतःच्या छातीतले ठोके मात्र तिला स्वच्छ ऐकू येत होते.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

"नीट ऐकू नाही आलं. हा पट्टा त्यांना लहान होतोय. मोठा मिळाला तर परत घेते."

 मग सिस्टर उठली, कपाटाकडे गेली आणि मोठा पट्टा आणून तिच्या हातात दिला. तो तिथे तयारच ठेवलेला होता. काकूनं बांधला, उजव्या कानातली नळी सावरली आणि सावकाश, अगदी सावकाश हवा सोडली. एकशे अडतीस, शहाऐंशी.

पाचवा झाल्यावर पाकीट उघडलं. सगळे आकडे दोनच्या फरकानं जुळले, तेवढा फरक चालतो. प्राचार्या एवढंच म्हणाल्या, "सोमवारपासून वॉर्ड." ती जिन्यात येऊन बसली. तिथे चष्मेवाली वाट बघत होती. तिनं तोंडावरून ओळखलं आणि काकूला मिठी मारली.

बोर्ड रंगवणारे आजोबा तोवर घरी गेले होते. त्यांची माफी मागायची राहून गेली. पत्ता मागितला तर सिस्टरनं दिला नाही, पेशंटचा पत्ता असा देता येत नाही म्हणाली, आणि ते बरोबरच होतं.

सोमवारी नऊ नंबरला एक शिक्षिका होत्या. "किती?" म्हणून टेबलावरून हाक आली. काकूनं सांगितलं. सिस्टर उठून आली, स्वतः मोजलं आणि पुढच्या पलंगाकडे गेली. असं ती जवळजवळ दोन महिने करत राहिली. काकूनं मोजायचं, मागून तिनं मोजायचं. पेशंट विचारायचे, "दोनदोनदा का हो?" तेव्हा काकूच सांगायची, "माझं तपासतायत." लाज वाटायची, पण सांगायची.

पहिल्या सत्राचा निकाल लागला त्या संध्याकाळी सगळे घरी होते. चाळीस जणींत ती सत्ताविसावी आली होती. नवऱ्यानं कागद वाचला आणि हात न धुताच हसला. मुलगी म्हणाली, "आई, शरीररचनेत माझ्यामुळे वाचलीस."

सासूबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरून नीट पाहिला. "सत्ताविसावी. म्हणजे तेरा जणी मागे आहेत."

"हो."

"बिचाऱ्या त्यांच्या सासवा."

"आजी, त्यांची लग्नं झालेली नाहीत अजून," मुलगी म्हणाली.

"मग पालक म्हणून सही कोण करतं?" असं म्हणत सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि भांड्यांशी बोलू लागल्या. आता काकूला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.